पाच हजारांच्या आतला साधेपणा

आमच्या साडूभाऊंना वेळ विचारू नये. ते घड्याळ सांगतात.

'किती वाजले हो?' असं कुणी सहज विचारलं की ते शर्टाची बाही दोन बोटांनी मागे सारतात आणि मनगट उजेडात जरा तिरकं धरतात. आता आकडा येणार म्हणून आपण कान देतो, तर येतो मॅक्स बिल. स्वित्झर्लंडचा वास्तुरचनाकार, चित्रकार, शिल्पकार आणि आणखी बरंच काही. हा गृहस्थ १९२७ साली जर्मनीत देसाऊ गावी बाउहाउस नावाच्या शाळेत शिकायला गेला. पुढे १९५६ मध्ये त्यानं युंगहान्स कंपनीसाठी स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं घड्याळ केलं आणि १९६१ च्या सुमारास तेच रूप मनगटावर आणलं. बारीक रेघा, बारीक काटे, पांढरी तबकडी, बस्स. 'हे त्याचंच का?' असं आपण आदरानं विचारावं, तर साडूभाऊ म्हणतात, 'छे हो! त्याचं लाखाच्या घरात जातं. हे दोन हजार आठशेचं. पण भावना तीच आहे.' तोवर वेळ विचारणारा दुसऱ्या कुणाला तरी विचारून निघून गेलेला असतो.

घड्याळाचे शौकीन पूर्वीही होते, पण त्यांची तऱ्हा वेगळी. मनगटावर पावशेर वजन, सोनेरी साखळी, तबकडीवर तारीख आणि वार, शिवाय आत आणखी तीन छोट्या तबकड्या. त्या कशासाठी आहेत हे मालकालाही ठाऊक नसे. बाही मागे सारायचा प्रश्नच नव्हता, कारण ते घड्याळ बाहीत शिरतच नसे. साडूभाऊंची जात याच्या बरोबर उलट. यांना घड्याळात काय नाही याचा अभिमान. तारीख नाही. आकडे नाहीत. चकाकी नाही. कंपनीचं नाव असलंच तर इतक्या बारीक अक्षरात, की खुद्द कंपनीलाच संकोच वाटत असावा. अडतीस मिलिमीटरच्या वरचं घड्याळ दिसलं की साडूभाऊ मान फिरवतात. पट्टा चामड्याचाच हवा, आणि तो अठरा एमएम असावा की वीस, यावर ते एखाद्या अनोळखी माणसाशीही लोकलच्या दारात उभं राहून कल्याणपासून ठाण्यापर्यंत बोलू शकतात. अशी माणसं आता जागोजागी भेटतात. ऑफिसात एखादा तरी असतोच. ओळखायची खूण म्हणजे, हात पुढे केला की तो आधी तुमच्या मनगटाकडे बघतो आणि मग तुमच्याकडे.

साडूभाऊ राहतात डोंबिवलीला आणि नोकरी करतात मुंबईतल्या एका सहकारी बँकेच्या हिशेबतपासणी खात्यात. त्यामुळे त्यांच्या शौकाला शिस्त आहे. घड्याळ पाच हजारांच्या आतलं पाहिजे. ही लक्ष्मणरेषा त्यांनी स्वतःच आखली आणि आजवर ओलांडलेली नाही. फक्त रेषेच्या अलीकडे ते कितीदा येऊन गेले, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. मी एकदा त्यांच्या कपाटातला खण बघून मनात बेरीज केली आणि म्हटलं, 'एवढ्यात तुमचं ते अस्सल युंगहान्स आलं असतं की!' साडूभाऊंनी माझ्याकडे नवशिक्या कारकुनाकडे बघावं तसं बघितलं. 'ते आलं असतं, पण तो भांडवली खर्च झाला असता. हा महसुली खर्च आहे. भांडवली खर्चाला वरची मंजुरी लागते.' वरची मंजुरी म्हणजे आमची ताई, माझ्या बायकोची थोरली बहीण. ती तेव्हा आत भाजी चिरत होती, म्हणून हे वाक्य हळू आवाजात झालं.

खणातल्या या ऐवजाला ते संग्रह म्हणत नाहीत. 'पर्याय' म्हणतात.

मला साडूभाऊंचं खरं कौतुक वाटतं ते याचं, की आमच्याकडच्या काटकसरीला त्यांनी थेट जर्मनीहून तात्त्विक बैठक आणून दिली. आमच्या दोघांचेही वडील साधं घड्याळ वापरत, कारण भारी परवडत नव्हतं. साडूभाऊंना आता भारी परवडतं. निदान हप्त्यावर तरी. तरीही ते साधंच वापरतात, आणि का, हे सांगायला त्यांच्याकडे वाल्टर ग्रोपिउस आहे, त्यानं १९१९ साली वायमारला उघडलेली आणि १९३३ साली नाझींच्या दडपणाखाली बर्लिनमध्ये बंद पडलेली बाउहाउस शाळा आहे, मार्सेल ब्रॉयरची पोलादी नळ्यांची खुर्ची आहे. डीटर राम्सही आहे. ब्राउन कंपनीतल्या या राम्सचं म्हणणं असं, की चांगलं डिझाइन म्हणजे शक्य तेवढं कमी डिझाइन. हे वाक्य साडूभाऊंनी इतक्या ठिकाणी वापरलंय की एका लग्नात आहेर म्हणून पाकिटात शंभराची नोट घालतानाही ते त्यांच्या तोंडून निसटलं. ताईनं पाकीट हातातून काढून घेतलं आणि त्यात आणखी थोडं डिझाइन घातलं.

लग्नकार्यं म्हणजे साडूभाऊंची हक्काची व्याख्यानं. आमच्या भाच्याच्या साखरपुड्यात मुलीकडच्या एका काकांशी ओळख करून देताना मी म्हटलं, 'आमचे साडू. घड्याळवाले आहेत हं!' काकांनी आवाज खाली आणून विचारलं, 'कुठल्या गटाचे?' महाराष्ट्रात घड्याळाची आवड सांगायची सोय उरलेली नाही. पण साडूभाऊंनी त्या काकांना सोडलं नाही. जिलेबी येईपर्यंत त्यांना १९२२ च्या डिसेंबरात कलकत्त्याला भरलेलं प्रदर्शन सांगून झालं होतं. बाउहाउसमधल्या क्ले आणि कांडिन्स्की यांची चित्रं तेव्हा तिथे आली होती. मठ्ठा येईपर्यंत उल्म गाव आलं. तिथली डिझाइनची शाळा उभी करण्यात मॅक्स बिलच पुढे होता, त्याच शाळेत आपले सुधाकर नाडकर्णी शिकून आले आणि पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर नावारूपाला आणण्यात त्यांचा मोठा वाटा. 'म्हणजे बघा,' साडूभाऊ म्हणाले, 'देसाऊहून निघालेली गाडी उल्ममार्गे पवईला आली.' काका मुलुंडचे. त्यांना त्यातलं पवई तेवढं कळलं. 'तिथे ट्रॅफिक फार असतो,' ते म्हणाले.

हे सगळं पुराव्यानिशी खरं असतं, हीच अडचण आहे. थापाड्या माणसाला टाळता येतं. साडूभाऊ आकडे चुकत नाहीत. क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. दोनाला दोनानं गुणत गेलं की पंधराव्या पायरीला हाच आकडा येतो, म्हणून पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक ठोका उरतो आणि काटा एक घर सरकतो. हे त्यांनी मला एकदा चहाच्या टपरीवर पंधरा वेळा निम्मं करून दाखवलं. हिशेबतपासनीस माणूस, बेरीज जुळल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. चहा गार झाला तो भाग वेगळा.

आता या तत्त्वज्ञानाची गाठ डोंबिवली स्टेशनाशी कशी पडली ते सांगतो, कारण साडूभाऊंच्या आयुष्यातला मुख्य संघर्ष तोच आहे. न्यूयॉर्कच्या नेथन जॉर्ज हॉर्विट यानं १९४७ साली एक तबकडी काढली. सगळी काळी, आणि बाराच्या जागी फक्त एक सोनेरी ठिपका. ठिपका म्हणजे माध्यान्हीचा सूर्य. १९६० मध्ये तिथल्या आधुनिक कला संग्रहालयानं तिला आपल्या कायम संग्रहात घेतलं आणि मग मोव्हाडो कंपनीचं ते 'म्युझियम वॉच' जगभर गाजलं. त्या धाटणीचं एक घड्याळ साडूभाऊंना एकोणीसशे रुपयांत मिळालं. एका सोमवारी ते घालून ते ८.१३ ची फास्ट पकडायला निघाले.

लोकलनं जाणाऱ्या माणसाची वेळ पाव आणि अर्ध्यावर चालत नाही. ८.१३ म्हणजे ८.१३. ८.१२ ला पुलावर, ८.१४ ला कपाळावर हात. साडूभाऊ पुलाच्या पायऱ्यांशी थांबले आणि त्यांनी बाही मागे सारली. काळ्या तबकडीवर दोन काटे आणि एक सूर्य. छोटा काटा खालच्या अंगाला डावीकडे, मोठा काटा उजवीकडे, आडव्याच्या किंचित वर. मिनिटाच्या खुणा नाहीत. तासाच्याही नाहीत. हे आठ बारा असू शकत होतं, आठ चौदाही. साडूभाऊंनी मनगट तिरकं केलं, सरळ केलं, ठिपक्यापासून अंदाजानं कोन मोजायला घेतला. मागून येणाऱ्या लोंढ्यानं 'ओ काका, बाजूला व्हा' म्हणत त्यांना कठड्याला चिकटवलं. कोन मोजून होईस्तोवर गाडी आली, भरली आणि गेली. समोर फलाटावर रेल्वेचं डिजिटल घड्याळ लालभडक आकड्यांत वेळ दाखवत होतं. ती साडूभाऊंनी पाहिली नाही, कारण असल्या घड्याळाकडे ते बघत नाहीत.

'मग आता?' मी विचारलं.

'आता सोमवार ते शुक्रवार खुणा असलेलं, आणि शनिवार-रविवार ठिपका,' ते म्हणाले. म्हणजे खणात आणखी एका पर्यायाची सोय झाली. हे नवं आलं ते स्विस रेल्वेच्या धर्तीचं. त्या रेल्वेसाठी हान्स हिल्फिकर या इंजिनियरनं १९४४ साली घड्याळ केलं, १९५३ मध्ये त्याला लाल सेकंदकाटा जोडला. गाडी सोडणारा अधिकारी हातात जी लाल थाळी धरत असे, तिचा आकार त्याला दिलेला. तो काटा साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी पुरी करतो, बारावर येऊन थांबतो आणि मुख्य घड्याळाचा इशारा आला की मगच पुढे निघतो. ही दीड सेकंदाची विश्रांती साडूभाऊंना फार भावली. त्यांच्या स्वस्त आवृत्तीत काटा असा थांबत नाही. पुढे सेल उतरल्यावर थांबला, तेव्हा ते अर्धा दिवस खुशीत होते.

पावसाळा आला की या घड्याळांचं खरं रूप बाहेर पडतं. मागच्या झाकणावर 'तीन एटीएम' लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं तीस मीटर पाण्याखाली चालेल. प्रत्यक्षात त्याचा अर्थ, हात धुताना दोन थेंब उडाले तर हरकत नाही. साडूभाऊंना हे ठाऊक आहे. म्हणून जुलैत स्टेशनावरून घरी येताना ते घड्याळ काढतात, रुमालात गुंडाळतात, रुमाल प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्याच्या पिशवीत, आणि स्वतः चिंब भिजत येतात. एकदा एवढं करूनही काचेच्या आतून धुकं धरलं. साडूभाऊंनी ते रातोरात तांदळात पुरलं. तांदूळ ओल ओढून घेतात. सकाळी ताईनं कुकर लावायला डब्यात मापटं घातलं, तर मापट्यात कोलम आणि बाउहाउस दोन्ही आले. तिनं घड्याळ चिमटीत धरून विचारलं, 'हे निवडायचं की शिजवायचं?' त्यानंतर घड्याळांसाठी वेगळा डबा आला, रेशनच्या तांदळाचा.

स्टेशनाजवळ जिन्याखाली एक घड्याळवाला बसतो. टेबलाएवढं दुकान, काचेखाली पट्टे टांगलेले, भिंतीवर वेगवेगळ्या वेळा दाखवणारी घड्याळं आणि डोळ्याला कायमचं भिंग. साडूभाऊ त्याच्याकडे सेल टाकायला जातात, तेव्हा एकदा मी बरोबर होतो. पाच घड्याळं होती. एकाच्या तबकडीवर जर्मन नाव, एकावर स्वीडिश धाटणीचं, एक डॅनिश म्हणवणारं, एक इटालियन वळणाचं आणि एकावर काहीच नाही. घड्याळवाल्यानं चाकूच्या टोकानं एकेक झाकण उघडलं आणि पाचही घड्याळं पालथी ओळीनं मांडली. भिंग काढून म्हणाला, 'बघा.' आम्ही वाकलो. पाचांच्या पोटात तेच ते जपानी मशीन, त्याच जागी तोच ६२६ नंबरचा सेल, तेच बारकं चाक, तीच पिवळी तार. 'साहेब, ही पाच घड्याळं नाहीत,' तो म्हणाला. 'एकच घड्याळ आहे. पाच टोप्या घातलेलं.'

मला वाटलं, संपला विषय. दुसरा कुणी असता तर खजील झाला असता. साडूभाऊंचा चेहरा मात्र असा उजळला की घड्याळवालाही भिंग लावून बघू लागला. 'अहो, हेच तर हवं होतं त्यांना!' ते म्हणाले. 'एकच यंत्र, कारखान्यात हजारोंनी निघणारं, कुणालाही परवडणारं. प्रमाणीकरण! बाउहाउसचं स्वप्नच हे होतं.' घड्याळवाल्यानं पाच सेलचे पैसे मोजून घेतले आणि पालथ्या घड्याळांकडे बघून म्हणाला, 'बिघडलं तर दुरुस्त नाही करत हो मी. सगळं मशीनच बदलायचं.'

याबाबतीत मी साडूभाऊंच्या बाजूचा आहे, आणि ताईसमोरही हे म्हणायची माझी तयारी आहे. बाउहाउसचा दुसरा संचालक हानेस मायर तर उघड म्हणत असे, की चैनीच्या गरजा मागे, जनतेच्या गरजा पुढे. आज ब्रॉयरची खुर्ची परवानाधारक कंपनीकडून घ्यायची तर लाखांत जाते, आणि ती ज्यांच्या दिवाणखान्यात असते त्यांच्याकडे बसायला दुसऱ्या भरपूर खुर्च्या असतात. बर्लिनची भिंत पडल्यावर १९९० मध्ये ग्लासह्युटे गावी निघालेल्या नोमोसची घड्याळं देखणी आहेत, त्यांचं मशीन वाखाणण्यासारखं आहे, पण ८.१३ च्या गर्दीत ती घालून चढायची छाती कुणाची? कामगाराच्या मनगटावर चांगली वस्तू पोचावी हा मूळ हेतू असेल, तर तो दोन हजार आठशेच्या नकलेनं जास्त पाळला, अस्सलानं कमी. साडूभाऊ हे मोठ्यानं म्हणतात आणि हसं करून घेतात. हसणाऱ्यांच्या मनगटावर मी पाहिलंय. तिथे बहुधा पायऱ्या मोजणारा पट्टा असतो, जो त्यांना तासातासाला उठून उभं राहायला सांगतो आणि ते राहतात.

आता सासऱ्यांची गोष्ट. आमच्या सासऱ्यांकडे एचएमटीचं 'जनता' आहे. चावीचं, सतरा ज्वेलचं. एचएमटीनं सिटिझन या जपानी कंपनीच्या साहाय्यानं १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला, आणि त्यातल्या 'जनता'नं देशभरातल्या शिक्षकांची, कारकुनांची, जावयांची मनगटं धरली. कारखाने २०१६ पर्यंत बंद झाले आणि तेव्हापासून या घड्याळांच्या मागे माणसं लागली. मागणी पाहून जुन्या केसेसना नवे भडक डायल चढवायचा धंदाही जोरात चालला. जगभरच्या शौकिनांत अशा रंगवलेल्या जुन्या घड्याळांना, मग ती सेको असोत की आणखी कुठली, 'मुंबई स्पेशल' म्हणतात. हे नाव कौतुकाचं नाही, हे साडूभाऊंना फार उशिरा कळलं. तोवर त्यांनी जांभळ्या तबकडीचं एक घेऊन ठेवलं होतं.

सासऱ्यांचं मात्र अस्सल. पांढरी तबकडी, साधे काटे, तारीख नाही. साडूभाऊंनी एका भाऊबीजेला ते हातात घेतलं, चावी दिली, कानाशी धरलं आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, 'बाबा, हे तुमचं बाउहाउसचं आहे.'

सासरे कानानं थोडे कमी. 'बोनसचं नाही,' ते म्हणाले. 'सोसायटीचं कर्ज काढून घेतलं होतं. तेव्हा बोनस कुठला?'

साडूभाऊंनी मग शाळा, देसाऊ, उल्म, सगळं मोठ्या आवाजात सांगितलं. सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मायरची जनतेची गरज आली तेव्हा त्यांनी मानही डोलावली. शेवटी म्हणाले, 'पण वेळ बरोबर दाखवत नाही रे ते. रोज चार मिनिटं पुढे जातं.' एवढं बोलून त्यांनी घड्याळ परत मागितलं, मनगटावर चढवलं आणि वेळ बघायला खिशातून मोबाइल काढला. जावयांमध्ये वाटणीचा विषय तिथेच थांबला. निदान माझ्या बाजूनं थांबला. साडूभाऊ हल्ली दर रविवारी सासऱ्यांची चौकशी करायला फोन करतात, आणि शेवटी 'चावी देता ना रोज?' असं विचारायला विसरत नाहीत.

परवा त्यांच्याकडे गेलो तर स्वारी विशेष गंभीर. दार उघडलं, बाही मागे सारली. तबकडीवर एकच काटा होता. मला वाटलं, दुसरा गळून पडला. पण नाही. जर्मनीत म्युन्स्टर गावची माइस्टरझिंगर ही कंपनी २००१ पासून एकाच काट्याची घड्याळं करते. गोलावर बारीक १४४ रेघा, दोन रेघांत पाच मिनिटं. जुन्या काळच्या मनोऱ्यांवरच्या घड्याळांना एकच काटा असे, त्यावरून सुचलेलं. साडूभाऊंकडचं अर्थात त्या तऱ्हेचं, चार हजार चारशेचं. 'मिनिटाच्या गुलामीतून सुटलो,' ते म्हणाले. 'साधारण पाच मिनिटांच्या अंदाजानं जगायचं. आणखी काय काढणार यातून? ही शेवटची पायरी.'

ताई चहा घेऊन आली. तिनं त्या एका काट्याकडे बराच वेळ पाहिलं आणि कप टेबलावर ठेवत म्हणाली, 'शेवटची कशी? पुढच्या दिवाळीला नुसता पट्टाच बांधा की मनगटाला.'

साडूभाऊ रागावले नाहीत. त्यांनी घड्याळ काढून बाजूला ठेवलं, मोकळं मनगट उजेडात धरून दोन्ही बाजूंनी न्याहाळलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, 'अठराचाच बरा दिसेल, नाही? वीसचा जरा जाड होईल.'